लग्नाची छायाचित्रे : घरच्या इतिहासाची साधने



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आपल्या घरालाही इतिहास असतो, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. पूनम सागरमधील कोणत्याही इमारतीत पाहा. कुणाचे मूळ गाव कोकणात, कुणाचे मराठवाड्यात, कुणाचे उत्तर प्रदेशात. कुणी मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांतून मीरा रोडला आलेले. घर बदलताना भांडीकुंडी आली, कपाटे आली. आठवणी मात्र वाटेत गळाल्या. त्या राखण्याचे एक साधे साधन घरोघरी आहे. ते म्हणजे लग्नाच्या दिवसाची छायाचित्रे.

फोटोग्राफीची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली आणि लवकरच मुंबईत पोहोचली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला. परंतु त्या काळी काचेच्या जड पट्ट्यांवर चित्र घ्यावे लागे, समोरच्या माणसाला हालचाल न करता बसावे लागे आणि खर्चही मोठा असे. त्यामुळे छायाचित्र ही दीर्घकाळ श्रीमंतांचीच चैन राहिली.

आपल्या समाजापुढे आणखी एक अडचण होती. परक्या पुरुषापुढे स्त्रियांनी चित्रासाठी बसावे तरी कसे? हा प्रश्न निजामाच्या राज्यातही उभा राहिला. आजचा मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. तेथील दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचा कारभार श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविला. कॅमेऱ्यामागे स्त्री आली आणि पडद्याचा मान राखूनच चित्रे निघू लागली. विद्यार्थिनींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी वृत्तछायाचित्रणात देशभर नाव मिळविले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

सामान्य घरांत कॅमेरा आला तो पुष्कळ उशिरा. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री अनेकांना आठवत असेल. त्याच्या एका रोलवर अवघी बारा चित्रे निघत. बारांत काय काय घेणार? नवरदेव, काजीसाहेब, खुर्च्यांवर बसलेले वडीलधारे आणि मागे उभे असलेले नातलग, एवढ्यात रोल संपे. म्हणूनच जुन्या अल्बमांत पुरुषांच्या रांगा दिसतात. आतल्या खोलीतले लग्न मात्र दिसत नाही. मेंदी कुणी लावली, शेहऱ्याच्या मोगऱ्याच्या माळा कुणी गुंफल्या, जेवणाच्या देगा कशा चढल्या, खारका कशा वाटल्या, हे सारे वगळले गेले. मराठवाड्यात आरसी-मुसहफची रीत आहे. वधूवर आरशात एकमेकांचा चेहरा पाहतात. तो आरसा कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला असेल, पण त्याचे एकही चित्र नाही!

या बारीक गोष्टींत इतके काय आहे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर निकाहनाम्यात मिळते. घरातील जुने निकाहनामे काढून एकापुढे एक ठेवा. कित्येक घरांत असे आढळेल की दादीने अंगठा उठविला आहे, आईने अडखळत का होईना सही केली आहे आणि नात झरझर सही करून कागद पुढे सरकवते आहे. मेहरची रक्कम, वकील, दोन गवाह हे सर्व तेथे लिहिलेले असतेच. परंतु अंगठ्यापासून सहीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे आपल्या समाजातील स्त्रीशिक्षणाचा इतिहासच होय. सही करणाऱ्या त्या हाताचे एक चित्र शंभर समूहचित्रांच्या मोलाचे आहे.

आता उलट बाजू पाहा. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. फातिमा शेख यांचे नाव आपण अभिमानाने घेतो; परंतु त्यांच्याविषयी खात्रीने सांगता येईल अशी माहिती फारच थोडी. त्यांचे म्हणून दाखविले जाणारे जुने छायाचित्र खरोखर त्यांचेच काय, यावरही वाद आहे. त्या चित्रामागे कुणी चार नावे व एक तारीख लिहून ठेवली असती, तर हा वाद उरलाच नसता.

छायाचित्र काढावे की नाही, याविषयी आपल्यात मतभेद आहेत. प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे वागावे. परंतु बारीक तपशिलांच्या चित्रांना चेहऱ्याची गरजच नसते. मेंदीचे हात, शेहरा, मेहरची थैली, निकाहनाम्यावरील लेखणी, दादीने शिवलेली ओढणी, एवढ्यांतूनही तो दिवस पुढच्या पिढीपुढे उभा राहतो. स्त्रियांच्या बाजूची चित्रे घरातल्याच मुलीने घ्यावीत. ती घेण्यापूर्वी परवानगी विचारावी आणि निकाहनाम्याचे चित्र मोबाईलवरून गावभर फिरवू नये, इतके तारतम्य हवे.

या कामाला व्यवहाराचीही बाजू आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वधर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची व्हावी असा आदेश दिला. नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका व छायाचित्र सहसा मागितले जाते. व्यवस्थित ठेवलेले कागद अडचणीच्या वेळी मुलीच्या कामी येतात.

शेवटी जतनाविषयी थोडे सांगतो. आपली वस्ती खाडीलगतची, हवा दमट. छायाचित्रांना बुरशी लवकर लागते. म्हणून ती कोरड्या जागी ठेवा. गोंदाच्या पानांच्या अल्बमात चिकटवू नका. मोबाईलमध्ये हजार चित्रे आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. मोबाईल बिघडला की सारेच गेले. निवडक वीस-पंचवीस चित्रे छापून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या नातलगाच्या घरी ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. जुना अल्बम घेऊन दादी-नानीजवळ बसा. प्रत्येक चित्रात कोण आहे, गाव कोणते, साल कोणते, हे विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूस हलक्या हाताने लिहा. दादी नाव सांगताना त्या माणसाची गोष्टही सांगेल. तीही वहीत उतरवून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. सांगणारी माणसे आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.