फ्री सीट, पेमेंट सीट

बारावीचे निकाल लागले की आमच्या ऑफिसात एक एक्सेल शीट फिरायला लागते. घरात कोणी ना कोणी बारावीचं असतंच, त्या सगळ्यांनी मिळून केलेली. एका रकान्यात कॉलेज, पुढे फी, पुढे प्लेसमेंट. नाव जितकं मोठं तितकी फी जास्त, तेव्हा झेपेल तिथे थांबा, असा एकूण हिशोब.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात इंजिनियरिंगच्या बाबतीत हे गणित बरीच वर्षं बरोब्बर उलटं होतं. पुण्याचं सीओईपी 1854 चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं. नाव सगळ्यात मोठं आणि फी सगळ्यात कमी, कारण मागे सरकारी पैसा. अडचण एकच, जागा मूठभर. ज्याला तिथे मिळालं नाही त्याने गुपचूप बी.एस्सी.ला जायचं. वडिलांकडे पैसे असले तर डोनेशन भरून कर्नाटक गाठायचं.

1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजं काढायची परवानगी दिली. आपली पोरं आणि पैसा कर्नाटकात जातोय, तो इथेच राहू दे, हा व्यवहारी विचार. (स्वतः दादांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं.) दोन-तीन वर्षांत कॉलेजांचं पीक आलं आणि 'साखरसम्राट'च्या जोडीला 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रुळला. आता जुनं नावाजलेलं कॉलेज स्वस्त आणि कालपरवा पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेलं महाग! डोनेशनची ओरड इतकी झाली की 1987 मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. बंद झालं का? असो.

मग सुप्रीम कोर्ट आलं. मेरठच्या मोहिनी जैनला तुमकूरच्या खाजगी मेडिकल कॉलेजात जायचं होतं. कर्नाटक सरकारने ठरवलेली वर्षाची फी अशी: सरकारी कोट्यातल्याला 2,000, राज्यातल्या इतरांना 25,000 आणि परराज्यातल्याला 60,000 रुपये. 1992 मध्ये कोर्टाने ही जादा आकारणी म्हणजे कॅपिटेशन फीच आहे म्हणून बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1993 मध्ये, उन्नीकृष्णन खटल्यात एक योजना आली. खाजगी कॉलेजातल्या निम्म्या जागा 'फ्री', म्हणजे सरकारी कॉलेजाएवढी फी. निम्म्या 'पेमेंट'. दोन्ही मेरिटनेच भरायच्या. पेमेंटवाल्याच्या पैशातून फ्रीवाल्याचा खर्च भागवायचा.

मी 1996 चा, म्हणजे याच योजनेचं अपत्य. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमवर सगळं. खरा पेच यादीच्या मधल्या भागातल्यांचा असायचा. नावाजलेल्या कॉलेजात पेमेंट सीट घ्यायची, की कुठेतरी आडबाजूला फ्री? एकेका मार्कावर वर्षाचे कित्येक हजार इकडचे तिकडे. नाव पुकारलं की बाप-लेक काउंटरपाशीच कुजबुजत ठरवायचे.

मला फ्री सीट मिळाली. मी शहरातला, तीन विषयांना तीन क्लास लावलेला. प्रॅक्टिकलला माझा पार्टनर तालुक्याच्या गावचा, वडील शेतकरी, त्याला पेमेंट सीट. माझी फी चार आकडी, त्याची पाच आकडी, आणि त्यासाठी पतपेढीचं कर्ज. म्हणजे माझ्या शिक्षणाचा काही भाग त्याचे वडील भरत होते. दोघांनाही तेव्हा यात काही विचित्र वाटलं नव्हतं. मार्क कमी तर पैसे जास्त, हिशोब सरळ!

31 ऑक्टोबर 2002 ला टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने ही योजना मोडीत काढली, तेव्हा निकालात नेमकं हेच लिहिलं होतं. चांगल्या खाजगी शाळांतली, सुखवस्तू घरची मुलं यादीत वर येऊन फ्री सीट घेतात आणि कमी ऐपतीच्या घरातल्या मुलांच्या वाट्याला पेमेंट सीट येते. मला विचाराल तर उन्नीकृष्णनचा हेतू चांगलाच होता. पण जे अनुदान सरकारने द्यायचं, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाच्या खिशातून काढलं, आणि तो खिसा भरलेला आहे की फाटका, हे कुणी तपासलं नाही.

2003 च्या निकालाने फी ठरवायला समित्या आल्या, 2005 च्या इनामदार खटल्यात (हे इनामदार पुण्याचेच) विनाअनुदानित कॉलेजांवरचा सरकारी कोटा गेला आणि 2015 मध्ये महाराष्ट्राने फी नियंत्रणाचा स्वतःचा कायदा केला. एनआरआय कोटा सोडला तर आता एका बाकावरच्या दोघांची फी सारखीच ठरते. ज्यांचं उत्पन्न कमी त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी सरकार भरतं. ते पैसे वेळेवर येत नाहीत अशी कॉलेजांची तक्रार असते, पण निदान ती आता मंत्रालयात जाते, पार्टनरच्या वडिलांकडे नाही.