बंदिवानाचे आजारपण आणि कुटुंबाचे आरोग्य कवच

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे जाताना पळसदेव लागते. जुने गाव उजनी जलाशयात गेले. पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, तेवढी त्याची खूण. अशा गावातील एखाद्या घराचा कर्ता मुलगा खटला चालू असताना येरवडा मध्यवर्ती कारागृहात आहे आणि त्याला हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया सांगितली आहे, असे समजू. शिधापत्रिका गावी, रुग्ण गजांआड आणि रुग्णालय पुण्यात. खर्च कोणी करावयाचा?

कायद्याचे मूळ उत्तर सरळ आहे. ज्याच्या ताब्यात माणूस, त्याच्यावर त्याच्या उपचाराची जबाबदारी. प्रत्येक कारागृहात आजारी बंदिवानांसाठी रुग्णालय किंवा योग्य जागा असावी, हे बंधन १८९४च्या कारागृह कायद्यानेच घातले. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये स्पष्ट केले, की रुग्ण निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचे प्राण वाचविणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांतही बंदिवानाला समाजातील इतरांइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा विनामूल्य मिळावी, असे म्हटले आहे.

विमा या चित्रात नंतर आला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरात राज्यभर पोचली आणि २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड १ एप्रिल २०२०पासून घातली गेली. प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे असलेले संरक्षण १ जुलै २०२४पासून पाच लाखांचे झाले आणि उत्पन्नाची अट न ठेवता सर्व शिधापत्रिकाधारकांना ते खुले झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे पाच लाख व्यक्तीचे नसून कुटुंबाचे आहेत. मुलाची शस्त्रक्रिया कारागृहाने या योजनेतून करविली, तर गावी असलेल्या वृद्ध आईच्या वाट्याचे कवच त्या वर्षापुरते तेवढ्याने घटते. म्हणजे शासनाने आपल्या ताब्यातील माणसासाठी करावयाचा खर्च नकळत कुटुंबाच्या मर्यादेतून वळता होतो. शासनाच्या हिशेबात एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशात जातात. पळसदेवच्या घराला मात्र दुसरा खिसा नसतो.

अडचणी कागदाच्याही आहेत. योजना अंगीकृत रुग्णालयांतच चालते, ठरलेल्या उपचारांनाच लागू होते आणि नियोजित शस्त्रक्रियेला पूर्वपरवानगी लागते. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची औषधे तिच्यात बसत नाहीत. आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि ओळखपत्र मागतो. आयुष्मान कार्डासाठी बोटाचा ठसा किंवा मोबाइलवर येणारा संकेतांक लागतो, आणि बंदिवानाजवळ मोबाइल नसतो. शिवाय रुग्णालयात नेण्यासाठी पोलिस बंदोबस्त मिळावा लागतो. तो न मिळाल्याने ठरलेली तारीख चुकणे ही जुनीच तक्रार आहे.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३पासून सर्वांनाच नि:शुल्क झाले. पुण्याचे ससून रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने या निर्णयात आले नाही, आणि येरवड्याचा गंभीर रुग्ण प्राय: तेथेच जातो. ससूनमधील बंदिवानांच्या १६ क्रमांकाच्या वॉर्डाची चर्चा ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यभर झाली, ती अमली पदार्थांच्या प्रकरणातील एक आरोपी रुग्णालयातून पळाल्यामुळे. खऱ्या आजाऱ्यांकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही.

खासगी रुग्णालयाचा प्रश्न आला, की निर्णय न्यायालयाकडे जातो आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच असेल असे नाही. कवी वरवरा राव यांना नोव्हेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नानावटी रुग्णालयात हलविण्यास सांगितले, तेव्हा खर्च राज्य सरकारवर टाकला. त्याच खटल्यातील हनी बाबू यांना मे २०२१मध्ये ब्रीच कँडी रुग्णालयात उपचारांची मुभा मिळाली, ती स्वखर्चाने.

परदेशांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेत मेडिकेड योजना १९६५पासून कैद्यांना वगळते. मात्र तुरुंगाबाहेरील रुग्णालयात २४ तासांहून अधिक काळ दाखल राहिलेल्या पात्र कैद्याचा खर्च तिच्यातून देता येतो. फ्रान्सने जानेवारी १९९४च्या कायद्याने कैद्यांची आरोग्यसेवा सार्वजनिक रुग्णालयांकडे सोपविली आणि प्रत्येक कैद्याला सामाजिक विम्यात घेतले. आपल्याकडे कारागृहे आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय घटनेने राज्याकडे दिले असल्याने अशी स्वतंत्र तरतूद करण्यास राज्याला आडकाठी नाही.

तोवर कुटुंबाने काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. शिधापत्रिका व आधारकार्डाच्या प्रती कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्जासोबत देऊन पोच घ्यावी. जुन्या आजाराचे कागद वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचवावेत. उपचार रखडल्यास खटला ज्या न्यायालयात आहे तेथे वकिलामार्फत अर्ज करावा. वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८०मध्ये आजारी वा अशक्त आरोपीच्या जामिनाचा विचार करण्याची तरतूद आहे. मात्र जामीन मिळाला, की ताबा संपतो आणि त्यानंतरचे बिल घराचे होते. म्हणून त्या वर्षीच्या पाच लाखांपैकी किती शिल्लक आहेत, हे आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे.