साम्य म्हणजे नाते नव्हे : आफ्रिकेतील सरोवरांच्या माशांचा इतिहास

१/ १८९६ च्या सुमारास ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. ई. एस. मूर पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरावर संशोधन करीत होते. तेथील गोगलगायींचे शंख त्यांना समुद्रातील शंखांसारखे दिसले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की हे सरोवर प्राचीन समुद्राचा अवशेष असावे. १९०३ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला.

२/ हे अनुमान चुकीचे ठरले. जमीन दुभंगून तयार झालेल्या खचदरीत हे सरोवर साचले आहे. शंखांना ते रूप समुद्रातून वारशाने मिळालेले नव्हते. गोड्या पाण्यातच ते घडले होते. मात्र ‘सारखे दिसते ते एकाच वंशाचे’ हे गृहीतक सरोवरातील माशांच्या बाबतीतही दीर्घकाळ प्रश्न निर्माण करीत राहिले.

३/ हे मासे सिक्लिड कुळातील आहेत. उजनी धरणातील चिलापी हीदेखील याच कुळातील, मूळची आफ्रिकेची. टांगानिका, मलावी आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांत सिक्लिडांच्या शेकडो जाती आढळतात. त्यांपैकी बहुतेक जाती आपापले सरोवर सोडून जगात अन्यत्र कुठेही नाहीत.

४/ मूर यांनी जमवलेले मासे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जी. ए. बुलांजे यांच्याकडे गेले. १८९८ मध्ये त्यांनी अनेक नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. वर्गीकरणात दात आणि जबडे हा मोठा आधार असे. अडचण अशी, की अन्न बदलले की पिढ्यांच्या ओघात नेमके हेच अवयव बदलतात.

५/ खडकावरचे शेवाळ खरवडणाऱ्या माशांचे दात बारीक आणि दाटीने बसलेले असतात. इतर मासे पकडणाऱ्यांचे अंग लांबट आणि जबडा मोठा असतो. गोगलगायी फोडणाऱ्यांच्या घशातील दात जाड व बोथट असतात. तिन्ही सरोवरांत हे तिन्ही प्रकार आढळतात.

६/ काही जातींचे ओठ विलक्षण जाड असतात. खडकाच्या फटीवर ओठ घट्ट टेकवून असा मासा आत दडलेले किडे ओढून घेतो. जाड ओठांचे मासे या तिन्ही सरोवरांत आहेतच, शिवाय अटलांटिकपलीकडे मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरातही आहेत.

७/ त्याहून विचित्र म्हणजे दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारे मासे. टांगानिकातील अशा एका जातीत काहींचे तोंड उजवीकडे वळलेले असते, काहींचे डावीकडे. उजव्या तोंडाचा मासा सावजाच्या डाव्या कुशीवर हल्ला करतो, डाव्या तोंडाचा उजव्या कुशीवर. एका प्रकारचे मासे वाढले, की सावज त्या बाजूला सावध होते आणि दुसऱ्या प्रकाराचे फावते. त्यामुळे दोन्हींचे प्रमाण निम्म्यानिम्म्याच्या आसपास हेलकावे घेते, असे मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये दाखवले. खवले खाणारे मासे मलावी आणि व्हिक्टोरियातही स्वतंत्रपणे घडले.

८/ पण ‘स्वतंत्रपणे’ हे ठरवायचे कसे? १९९३ मध्येच थॉमस कोचर आणि सहकाऱ्यांनी टांगानिका व मलावीतील जुळ्यांसारख्या दिसणाऱ्या जातींचा डीएनए तपासला. मलावीतील मासे टांगानिकातील आपल्या ‘जुळ्यांना’ नव्हे, तर मलावीतीलच वेगळ्या दिसणाऱ्या माशांना अधिक जवळचे निघाले. तीच रूपे दोन सरोवरांत वेगवेगळी घडली होती.

९/ असे का घडावे? १९७३ मध्ये कारेल लीम यांनी सिक्लिडांच्या दुहेरी जबड्यांकडे लक्ष वेधले. घशातील जबडे अन्न चिरडतात, त्यामुळे पुढचे जबडे केवळ ते पकडण्यासाठी मोकळे राहतात आणि सहज बदलू शकतात. शिवाय प्रत्येक सरोवरात खडक, शेवाळ, गोगलगायी आणि किडे होतेच. मूळ सामग्री सारखी, अन्नही सारखे. म्हणून उत्तरेही सारखी आली.

१०/ व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, असे भूवैज्ञानिक पुरावे सांगतात. तरीही विसाव्या शतकात तेथे सिक्लिडांच्या सुमारे ५०० जाती नांदत होत्या. इतक्या थोड्या काळात हीच रूपे पुन्हा घडलेली पाहण्याची संधी अभ्यासकांना तेथे होती.

११/ १९५० च्या दशकात या सरोवरात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. १९८० च्या दशकात त्याची संख्या बेसुमार वाढली. निर्यातीचा धंदा उभा राहिला, अनेकांना रोजगार मिळाला. त्याच काळात पाणीही गढूळ व प्राणवायूहीन होत गेले. सुमारे २०० सिक्लिड जाती दिसेनाशा झाल्या. त्यांतील काहीच पुढे पुन्हा आढळल्या.

१२/ दोन बखरींत एकच मजकूर सापडला, तर इतिहासकार आधी विचारतो : एकीने दुसरीवरून उतरवून घेतला, की दोघींनी तो स्वतंत्रपणे नोंदवला? मूर यांच्याकडे केवळ रूपाची साक्ष होती. कोचर यांना वंशाची वेगळी साक्ष मिळाली. व्हिक्टोरियातून नाहीशा झालेल्या जातींचे नमुने संग्रहालयांच्या बरण्यांत आहेत. त्यांचे दात मोजता येतात. पण ते मासे पाण्यात कसे खात होते, हे आता पाहता येत नाही.