शंभर वर्षांची गोळी आणि महेंगेचा डोंगर

अपस्मार हा शब्द ग्रंथांतला. आपल्या धर्मग्रामांत लोक त्याला फेफरे म्हणतात, अलीकडे नुसतेच 'फिट'. मिस्सा चालू असताना एखादा मुलगा बाकावरून कोसळला की कोणी कांदा आणायला धावतो, कोणी चप्पल त्याच्या नाकाशी धरतो आणि मुलाची आई मान खाली घालून उभी राहते. तिची ती खाली गेलेली मान आम्हाला झटक्यापेक्षा अधिक अस्वस्थ करते. कारण या रोगावरील गुणकारी औषध जगाला मिळून शतक उलटून गेले आहे.

१९१२ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याची खोली अपस्माराच्या रुग्णांच्या वर होती आणि रात्री त्यांच्या पडण्याच्या आवाजाने त्याची झोप मोडत असे, असे सांगतात. रुग्णांना झोप लागावी म्हणून त्याने त्यांना फिनोबार्बिटल दिले, तो त्यांचे झटकेच कमी झाले! पुढे हाउप्टमान ज्यू म्हणून नोकरीला मुकला, १९३८ मध्ये डाखाउच्या छळछावणीत डांबला गेला आणि अखेर अमेरिकेत परागंदा होऊन १९४८ साली वारला. त्याची गोळी मात्र स्वस्त, टिकाऊ आणि दिवसातून एकदा घेता येण्याजोगी होती. गरिबांसाठीच घडवावी तशी.

तरीही ती गरिबांपर्यंत कशी पोहोचली? तेव्हाचे टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. त्याच्या दक्षिणेकडे महेंगेचा डोंगराळ मुलूख आहे, तेथे पोगोरो लोकांची वस्ती आणि एक कॅथोलिक मिशन. लुईझ यिलेक-आल ही नॉर्वेची तरुण डॉक्टर तेथे गेली, तेव्हा तिला भाजल्याचे व्रण असलेले अनेक रुग्ण दिसले. ही माणसे झटका येताच चुलीत पडलेली होती. आगीत पडलेल्याला लगेच ओढून काढायला लोक धजत नसत, कारण हा रोग लाळेतून लागतो अशी त्यांची समजूत होती. स्वाहिली भाषेत त्याला 'किफाफा' म्हणतात. रुग्णाचे ताट वेगळे, झोपणे वेगळे. १९६० साली या बाईंनी तेथे अपस्माराचा दवाखाना उघडला आणि फिनोबार्बिटल सुरू केले. फ्रायबुर्ग ते महेंगे हे अंतर कापायला गोळीला ४८ वर्षे लागली.

पोगोरो लोकांना हसण्याआधी आपल्या घरात डोकावावे. १९१७ च्या धर्मसंहितेने, म्हणजे ही गोळी निघून पाच वर्षे झाल्यावर, अपस्मारी, वेडे आणि भूतबाधा झालेले यांना एकाच कलमात गोवून धर्मगुरुपदासाठी अपात्र ठरवले होते. आम्ही सेमिनरीत शिकलो ती १९८३ ची नवी संहिता. तिच्यात अपस्माराचा उल्लेख नाही. ग्रंथालयात जुनी लॅटिन प्रत चाळताना ते ९८४ वे कलम प्रथम वाचले आणि मार्कच्या शुभवर्तमानातील तो मुलगा आठवला, ज्याला प्रभूने हात धरून उठवले होते. आपल्या देशाच्या कायद्यानेही हिंदू विवाहाच्या अटींतून अपस्मार वगळला तो १९९९ साली.

आज जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा रोग आहे आणि त्यांतील जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचारांनी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतील, आणि औषधाचा खर्च वर्षाला ५ डॉलर इतका कमी असू शकतो. तरीही सर्वांत गरीब देशांतील चारांपैकी तिघांना उपचार मिळत नाहीत. सरकारी दवाखान्यात गोळी नसते, असली तर ती देणारा शिकलेला माणूस नसतो. भरीस भर म्हणून १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात फिनोबार्बिटल नशेच्या औषधांबरोबर नियंत्रणाखाली आले आणि आयातीची कागदपत्रे वाढली. पुरवठा मध्येच तुटला तर आपत्ती अधिकच मोठी: हे औषध एकाएकी थांबले की झटके पूर्वीपेक्षा जोराने उसळतात.

श्रीमंत देशांत सुस्ती आणणाऱ्या या जुन्या गोळीला आता पहिली पसंती नाही. मग ती गरिबांना देणे हा दुजाभाव नव्हे काय, असे कोणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु २००० ते २००४ या काळात चीनच्या खेड्यांत गावच्या साध्या डॉक्टरांना शिकवून दोन हजारांवर रुग्णांना हीच गोळी देण्यात आली, आणि ज्यांनी ती वर्षभर घेतली त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. चुलीशेजारी बसलेल्या मुलाला नव्या औषधाची वाट पाहायला लावणे आम्हाला अधिक मोठा दुजाभाव वाटतो.

२०२२ साली जगातील राष्ट्रांनी जिनिव्हात एक कृती आराखडा स्वीकारला. २०३१ पर्यंत अपस्माराच्या सेवेचा विस्तार २०२१ च्या तुलनेत निम्म्याने वाढवायचा, असे त्यात लिहिले आहे. महेंगेत अजूनही नदीकाठच्या काळ्या माशीतून पसरणाऱ्या जंतांच्या रोगाबरोबर मुलांना फेफरे येते. त्या जंतांवरील गोळी १९८७ पासून फुकट दिली जाते.