मोटारीचा जीर्णोद्धार

१९७७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या एका साध्या संसारी गृहस्थाला एक पत्र आले. पत्र धाडणारा होता स्टीव्ह मॅक्वीन, त्या काळचा हॉलिवुडमधील अव्वल नट. या गृहस्थाने तीन वर्षांपूर्वी मासिकातली जाहिरात पाहून सहा हजार डॉलरांना एक जुनी, गडद हिरव्या रंगाची मस्टँग मोटार विकत घेतली होती. १९६८ सालच्या 'बुलिट' चित्रपटात सान फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवरून मॅक्वीनने जी भरधाव हाकली, तीच ही मोटार. ती मला परत हवी आहे, बदल्यात तुम्हाला दुसरी मस्टँग शोधून देतो, मात्र फार पैसे पडत नसतील तर, असा त्या पत्राचा आशय होता. गृहस्थाने मोटार दिली नाही. बरे, तिला देव्हाऱ्यात बसवून तिची पूजा बांधली म्हणावे, तर तेही नाही. त्याची पत्नी याच मोटारीतून शाळेत शिकवायला जात असे. १९८० मध्ये तिचा क्लच गेला, मोटार गॅरेजात उभी राहिली, आणि वर्षांमागून वर्षे तशीच उभी राहिली.

या मोटारीचे पुढे काय झाले ते सांगायचे आहेच. पण ते समजण्यासाठी तिचे कुळ आणि मूळ आधी पाहिले पाहिजे.

मस्टँग ज्या घराण्यात मोडते, त्याला अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. आपण तिला पहिलवान मोटार म्हणू. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे, हे तिचे सारे रहस्य. वाचकांना वाटेल, ही कल्पना एखाद्या कारखान्यातील विद्वान अभियंत्याला सुचली असेल. तसे नव्हे. ती सुचली घरामागच्या छपराखाली, हात तेलाने काळे झालेल्या पोरांना.

१९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे, व्ही आकाराचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत घातले. तोवर असली इंजिने श्रीमंतांच्या गाड्यांतच असत. चार-सहा वर्षांत या फोर्ड मोटारी जुन्या बाजारात आल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांच्या हाती लागल्या. त्यांनी चाकांवरचे पत्रे काढले, इंजिनाचे झाकण काढले, एकाच्या जागी दोन-तीन कार्बुरेटर लावले, आणि वजन घटवून वेग वाढवला. मोटार जितकी उघडी तितकी चपळ, असा हिशेब! म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर ते शर्यती लावीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन वेगमापनाची रीतसर संघटना स्थापन केली. पुढे म्युरॉकचे मैदान लष्करी विमानतळाकडे गेले. तोच आजचा एडवर्ड्स तळ.

महायुद्ध संपल्यावर या छंदाला भरती आली. विमाने आणि रणगाडे दुरुस्त करून हात तयार झालेले जवान घरी परतले होते. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' मासिक निघाले, १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर वेगाचा सप्ताह भरला, आणि १९५१ मध्ये रस्त्यांवरच्या जीवघेण्या शर्यती आखलेल्या पट्टीवर नेण्यासाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

कारखानदारांचे लक्ष तिकडे केव्हा गेले? जनरल मोटर्समध्ये झोरा आर्कस-डंटोव्ह नावाचा अभियंता होता. रशियन आईबापांच्या पोटी ब्रसेल्सला जन्मलेला. १९५३ च्या डिसेंबरात त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. ही पोरे फोर्डच्या गाड्या खोलतात, फोर्डविषयीच वाचतात, म्हणून उद्या कमावती झाल्यावर फोर्डच घेतील. त्यांना आपल्या इंजिनाचे खास भाग आपणच पुरवावेत, असा त्याचा सल्ला होता. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, शेव्हरलेटचे नवे आठ सिलिंडरी इंजिन बाजारात आले आणि त्या पोरांनी ते डोक्यावर घेतले.

यानंतरचा प्रसंग तर एखाद्या नाटकात शोभावा. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास फर्मावले. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन नको, असाही दंडक होता. पाँटिअ‍ॅक शाखेतील जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. दंडक होता गाडीला. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून मागितलेल्या सामानाला नव्हता! त्यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट ल मान्स गाडीसाठी सुमारे २९५ डॉलरांचा एक जादा संच यादीत घातला. त्यात ३८९ घनइंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते. संचाचे नाव जीटीओ. वरिष्ठांनी कुरकुरत पाच हजार गाड्यांना मान डोलावली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. आपल्याकडील मापाने सांगायचे, तर त्या काळी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाट अकराशेच्या इंजिनाहून हे जवळजवळ सहापट मोठे होते.

मग अहमहमिका लागली. १९६४ च्याच एप्रिलमध्ये फोर्डने मस्टँग आणली. १९६६ मध्ये क्रायस्लरचे ४२५ अश्वशक्तीचे 'हेमी' इंजिन रस्त्यावर आले. १९७० च्या शेव्हेल गाडीत ४५४ घनइंचांचे इंजिन ४५० अश्वशक्ती सांगू लागले. पण पहिलवानाच्या छातीकडे पाहताना त्याच्या पायांकडे कोणी पाहिले नाही. पहिल्या जीटीओला चारी चाकांना साधे ड्रम ब्रेक होते. एकदा वेगातून थांबले की ते तापत आणि दुसऱ्यांदा धड लागत नसत. सीटचे पट्टे बांधण्याची सवय नव्हती, आणि चक्रापाशी बसणारा वीस-बावीस वर्षांचा असे. विमा कंपन्यांनी तरुणांचे हप्ते इतके वाढवले, की गाडी परवडे पण विमा परवडेना. १९७० च्या कायद्याने धुरावर निर्बंध आले, १९७१ पासून इंजिनांचा जोर उतरवण्यात आला, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवले. १९७४ नंतर जीटीओचे उत्पादन बंद झाले. सगळा बहर दहा वर्षांचा.

गाड्या मात्र उरल्या. कोणी परसात टाकलेल्या, कोणी शेतावरच्या गोठ्यात. अशा रीतीने जी वस्तू घरच्या छपराखाली जन्मली, कारखान्यात मोठी झाली, ती म्हातारपणी पुन्हा घरच्या छपराखाली आली.

तिचा जीर्णोद्धार करणाराला पहिला शत्रू भेटतो तो गंज. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ पसरतात. ते मागच्या चाकांवरील पत्र्यात आणि पायांखालच्या तळात शिरून लोखंड पोखरते. जाणता माणूस आधी छायाचित्रे काढतो, सुटा केलेला प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवतो, मग कुजलेला पत्रा कापून नव्याचा तुकडा वेल्डिंगने जोडतो. इंजिनाचे सिलिंडर बोअर करून घेतो. पूर्वी पेट्रोलातल्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजत नसत. १९९६ पासून तिकडे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसे बंद झाले, म्हणून तो बैठका कठीण पोलादाच्या घालतो. महिन्यांचे काम म्हणून हाती घ्यावे आणि त्यात वर्षे जावीत, हाच बहुतेकांचा अनुभव. तोवर घरातली चालती गाडी बिचारी पावसात भिजत असते, आणि त्याविषयी गृहिणीचे मत ऐकण्यासारखे असते.

आता येथे दोन पंथ पडतात. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तश्शी हवी. इंजिनावरचा क्रमांकदेखील सांगाड्याशी जुळला पाहिजे. दुसरा म्हणतो, रूप जुने ठेवा, पण ब्रेक डिस्कचे घाला, टायर रेडियल लावा, ठिणगी इलेक्ट्रॉनिक करा; मुलाबाळांना बसवायचे आहे ना? पहिल्या पंथामागे पैशाचेही बळ आहे. २०१४ साली १९७१ ची हेमी इंजिनाची, उघड्या टपाची प्लिमथ 'कुडा' ३५ लाख डॉलरांना गेली. तशा अकराच बनल्या होत्या. साहजिकच नकलाही निघाल्या. जीटीओ मुळात जादा सामानाच्या यादीतून जन्मलेली, त्यामुळे साध्या ल मान्सला ते सामान चढवून सोंग उभे करणे सोपे!

मला दुसरा पंथ जवळचा वाटतो, आणि तो केवळ सुरक्षिततेसाठी नव्हे. या मोटारींची परंपराच मुळी बदल करण्याची आहे. फोर्डचे पत्रे उपटणाऱ्या पोरांनी कारखान्याचा शब्द अखेरचा मानला असता, तर जीटीओ जन्मलीच नसती. पण दुसऱ्या पंथालाही मर्यादा हवी. आपल्या गावोगावच्या देवळांचे जीर्णोद्धार आठवा. काळ्या दगडावर तैलरंग फासला जातो, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या फरशा बसतात. देऊळ लखलखते, पण ज्याने तो दगड घडवला त्याचा हात दिसेनासा होतो.

न्यू जर्सीच्या त्या मोटारीपुढे नेमका हाच पेच होता. २००१ च्या सुमारास बापलेकांनी ती नीट करायला घेतली; वडिलांच्या आजारपणात ते काम रखडले. २०१४ साली वडील वारले. मुलाने पुढे इंजिन चालते केले, पण बाहेरून हात लावला नाही. लावायचा तरी कोणत्या रूपासाठी? चित्रपटासाठी मॅक्स बालचाव्स्की या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्याने तिच्यात फेरफार केले होते. दर्शनी चिन्हे काढली होती, कॅमेरा बांधण्यासाठी खाली आधार वेल्डिंगने जोडले होते. तिला कारखान्याचे रूप द्यावे, तर चित्रपट पुसला जाणार; चित्रपटाचे द्यावे, तर आईच्या शाळेच्या फेऱ्या पुसल्या जाणार.

२०१८ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, ती विटलेला हिरवा रंग, गंज आणि पोचे यांसकट. २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडातील लिलावात दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलरांना ती विकली गेली. एवढ्या पैशांत तशा दिसणाऱ्या कोऱ्या गाड्या कितीतरी बांधून मिळाल्या असत्या. पण वडिलांनी मॅक्वीनलाही नाकारलेली, आणि आईने रोज शाळेत नेलेली, ती एकच होती.