कोंबड्याचे पीस, कोंबडीचे पीस

लहानपणी मानशीजवळ गरीला सुंगट लावून आम्ही तासन्‌तास बसायचो. मासा लागला तर लागला! आमिष पाण्यात सरळ बसले की आडवे, याची फिकीर कुणाला होती? म्हणून एका खोट्या माशीच्या तोलापायी इंग्लंडात माणसांनी आयुष्य घालवले हे वाचले, तेव्हा मला आधी हसूच आले.

हॅम्पशायर परगण्यातल्या टेस्ट आणि इचेन या नद्यांचे पाणी खडूच्या खडकातून झिरपून येते. ते काचेसारखे नितळ असते, त्यामुळे तिथला ट्राऊट मासा भलता सावध. त्याला फसवायचे तर दोऱ्याने गरीवर बांधलेली पिसांची माशी पाण्यावर खऱ्या किड्यासारखी ताठ बसली पाहिजे. फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 साली या विद्येवर ग्रंथच लिहिला. एक पंख डाव्या पिसातला, दुसरा उजव्या, दोन्ही सारख्या मापाचे. शेपटीला ताठ तंतू, गळ्याशी कोंबड्याच्या मानेचे कडक पीस. एक पंख जरा जड झाला की माशी हवेत गिरक्या घेते, दोरा पिळतो आणि ती पाण्यावर कुशीवर पडते. मग ट्राऊट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

पुढे या विद्येचा कायदा झाला. तरंगेल तीच माशी खरी, बुडवणारा अडाणी!

जी. ई. एम. स्क्यूज हा लंडनचा वकील 1883 पासून इचेनवर मासे धरी. एकदा हलक्या पिसामुळे त्याची माशी बुडाली आणि नेमकी तीच ट्राऊटने घेतली. त्याने धरलेल्या माशांची पोटे तपासली, तर आत पंख न फुटलेले किडे! मग त्याने कोंबडीचे मऊ, पाणी पिणारे पीस बांधले आणि 1910 साली पुस्तक लिहून ते जाहीर सांगितले. हॅलफर्ड 1914 साली वारला, पण वाद मिटला नाही. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर सभा झाली. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. इचेनचे आपले आवडते पाणी त्याने त्याच वर्षी सोडले.

मला हॅलफर्ड खोटा वाटत नाही. त्याचा नियमही नदीकाठी डोळे उघडे ठेवूनच झाला होता. मागच्यांनी नियम तेवढा धरला, नदी सोडली.

मी सरकारी कारकून. एका म्हातारीचा अर्ज रकाना चुकला म्हणून मी परत केला होता. हे वाचल्यावर तो मागवून घेतला आणि आत काय लिहिले आहे ते प्रथमच नीट वाचले. असो.