प्रसवप्रेरण : नागपूरची ‘इन्फॉर्म’ चाचणी

कळा आपणहून येण्याआधी औषधाने किंवा साधनाने आणणे म्हणजे प्रसवप्रेरण. गरोदरपणात रक्तदाब वाढला आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागले, की आईला आकडी येण्याचा व बाळाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. बाळंतपण होणे हाच त्यावरचा खरा उपाय. दिघोरीसारख्या (ता. लाखांदूर, जि. भंडारा) गावातल्या स्त्रीला अशा वेळी भंडारा गाठावे लागते आणि प्रकृती बिघडल्यास पुढे सुमारे ६० किलोमीटरवरचे नागपूर.

अशा स्त्रियांना कळा कशाने आणाव्यात, हा प्रश्न नागपुरातच तपासला गेला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात ६०२ स्त्रिया चाचणीत घेतल्या गेल्या. डॉ. शुचिता मुंडले आणि लिव्हरपूल विद्यापीठाचे अँड्र्यू वीक्स हे त्यातले प्रमुख संशोधक. कोणाला कोणता उपाय द्यायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने ठरले. एका गटाला मिझोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी, जास्तीत जास्त बारा वेळा, तोंडाने दिली. दुसऱ्या गटात लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी गर्भाशयमुखातून आत सरकवून तिचा फुगा ३० मिलिलिटर पाण्याने फुगवला. फुग्याच्या दाबाने मुख हळूहळू उघडते. नळी आपोआप निसटेपर्यंत किंवा बारा तास ती ठेवत.

‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निष्कर्ष आले. २४ तासांत योनीमार्गे बाळंत झालेल्यांचे प्रमाण गोळीच्या गटात ५७ टक्के, नळीच्या गटात ४७ टक्के होते. गर्भाशय अति आकुंचन पावण्याचे प्रकार दोन्हीकडे अगदी विरळ. स्त्रियांची पसंतीही गोळीलाच अधिक होती, आणि ही बाब आकड्यांइतकीच मोलाची मानली पाहिजे.

मिझोप्रोस्टॉल मुळात जठरव्रणावरचे औषध. ते स्वस्त आहे, शीतपेटी लागत नाही. ग्रामीण भागाला हे फार सोयीचे. मात्र बाजारात २०० मायक्रोग्रॅमची गोळीही मिळते. तिचे तुकडे करून अंदाजाने देणे घातक आहे, कारण मात्रा थोडी वाढली तरी कळा अनावर होतात. प्रेरण जिथे बाळाचे ठोके सतत पाहता येतात व सिझेरियनची सोय आहे तिथेच करावे. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांना या चाचणीत घेतले नव्हते. त्यांच्यात मिझोप्रोस्टॉलने गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो.